खैबरची खिंड आणि धम्माची वाट



आपल्या घरात सातवी-आठवीत शिकणारे मूल असेल तर त्याला एक प्रश्न विचारून पाहा. खैबर खिंड कशासाठी प्रसिद्ध आहे? मूल लगेच सांगेल, या खिंडीतून भारतावर स्वाऱ्या झाल्या. मी शिक्षक आहे. गेली दहा वर्षे इतिहासाच्या तासाला मीही फळ्यावर हेच लिहीत आलो आहे. कुशाण आले, बाबर आला, नादिरशहा आला. नकाशावर एक बाण काढायचा, त्याचे टोक दिल्लीकडे करायचे आणि धडा संपवायचा.

गेल्या वर्षी एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, त्या खिंडीतून फक्त आतच येता येतं का? बाहेर कुणी गेलं नाही?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि तीही इतिहास विषयात. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मुलीला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. नंतर जे वाचले, समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. हा धडा दूरच्या डोंगरांचा असला तरी त्याचा संबंध आपल्या घराशी आहे.

खिंड कशी आहे?

आधी जागा समजून घेऊ. आजच्या पाकिस्तानात पेशावर हे शहर आहे. त्याचे प्राचीन नाव पुरुषपूर. त्याच्या पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर जमरूद लागते आणि तिथून डोंगर सुरू होतात. या डोंगरांतून सुमारे ५० किलोमीटरची वाट वळणे घेत अफगाणिस्तानच्या बाजूला उतरते. वाटेत अली मसजिद नावाच्या ठिकाणी दोन्हीकडचे कडे जवळ येतात आणि रस्ता अगदी चिंचोळा होतो. लंडी कोतल हा माथ्याचा भाग. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही कमी. पलीकडे तोरखम येथे सरहद्द आणि त्यापुढे जलालाबादचे मैदान.

उंची फार नसली तरी प्रदेश ओसाड आहे. पाऊस थोडा, झाड क्वचित, जिकडे पाहावे तिकडे उघडे खडक. इंग्रजांनी १९२५ साली जमरूदपासून लंडी कोतलपर्यंत आगगाडी नेली तेव्हा त्यांना ३४ बोगदे आणि ९२ पूल-मोऱ्या बांधाव्या लागल्या. यावरून वाट किती बिकट असेल याची कल्पना करा.

अशा ठिकाणी स्तूप आणि विहार कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या सह्याद्रीतच आहे. बोरघाटाजवळ कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. नाणेघाटाच्या वाटेवर जुन्नरची लेणी आहेत. घाट असतो तिथून व्यापारी जातो. व्यापारी जातो तिथे दान होते. दान होते तिथे भिक्खूंना वर्षावासाची जागा मिळते आणि दमलेल्या वाटसरूला निवारा मिळतो. बोरघाटाला जो नियम लागू, तोच खैबरला लागू.

बाहेर कोण गेले?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे राज्य या खिंडीच्या दोन्ही बाजूंना होते. खिंडीच्या पूर्वेला, मर्दानजवळ शाहबाजगढी येथे त्याचे १४ आदेश खडकावर कोरलेले आहेत. त्यांची लिपी खरोष्ठी, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. त्यातला बारावा आदेश वेगळ्या शिळेवर आहे. आपल्या पंथाची अवास्तव स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये, असा त्याचा आशय आहे. खिंडीच्या पश्चिमेला, जलालाबादजवळच्या लघमान भागात अशोकाचे लेख अरामी भाषेत मिळाले आहेत. त्या भागातील लोकांना पूर्वीच्या इराणी अंमलामुळे ती भाषा परिचित होती. म्हणजे सम्राटाने आपली भाषा लोकांवर लादली नाही. लोकांच्या भाषेत धम्म सांगितला.

महावंस हा सिंहलद्वीपाचा जुना ग्रंथ सांगतो की पाटलीपुत्रच्या संगीतीनंतर देशोदेशी स्थविर पाठवले गेले. मज्झंतिक स्थविर काश्मीर-गंधारला गेले. त्याच यादीत आपलाही प्रदेश आहे. महाधम्मरक्खित महारठ्ठात आले, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, योन धम्मरक्खित आले. योन म्हणजे ग्रीक. एक ग्रीक भिक्खू कोकणात धम्म सांगायला आला, हे ध्यानात ठेवा. कोकणातील सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले आहेत. गंधारला आणि आपल्याला धम्म एकाच पिढीत पोहोचला, असे ही यादी सांगते.

आपल्या वस्तीत मिलिंद नावाचा मुलगा नाही, असे सहसा होत नाही. हे नाव मूळचे ग्रीक, मिनँडर. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा हा राजा. त्याने भदंत नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ते प्रश्नोत्तर आहेत. राजाने आज्ञा करून धम्म स्वीकारला नाही, शंका विचारून समजून घेतला. म्हणूनच बाबासाहेबांनी औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले. आपल्या मुलाला हाक मारताना आपण खैबरकडच्या एका राजाचे नाव घेतो. मुलाला हे सांगितले आहे का?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत १७ क्रमांकाचे लेणे आहे. त्याच्या लेखात दात्याचे नाव आहे इंद्राग्निदत्त. तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा योनक म्हणवतो. त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव, पुत्राचे नाव धर्मरक्षित. आईवडिलांच्या स्मरणार्थ, मुलाला बरोबर घेऊन, त्याने हे लेणे भिक्खुसंघाला दिले. याच्या नावात इंद्र आहे, अग्नी आहे. आपल्यापैकी कित्येकांची नावेही जुन्या देवदेवतांचीच आहेत आणि त्यावरून कधी कधी आपल्याला टोमणे ऐकावे लागतात. नाव काय आहे यापेक्षा मुलाला हाताशी धरून आपण काय करतो, हे त्या लेण्यात कोरलेले आहे. पुढच्या खेपेला त्रिरश्मीला गेलात तर हे लेणे मुद्दाम पाहा.

खिंडीच्या आसपास काय काय होते?

खिंडीतच, लंडी कोतलच्या अलीकडे झराई गावाजवळ, एका खडकाळ उंचवट्यावर शपोला स्तूप उभा आहे. तो कुशाण काळातला. खाली चौकोनी पायऱ्यांचे जोते आणि वर गोल अंड. त्याची पडझड झाली आहे, तरी लांबून दिसतो. अली मसजिदजवळही एक स्तूप होता. १८७८-७९ च्या अफगाण युद्धात इंग्रज सैन्याबरोबर गेलेला चित्रकार विल्यम सिम्पसन याने त्याचे चित्र काढले.

पूर्वेला पेशावरच्या बाहेर कनिष्काचा महास्तूप होता. त्याच्यासारखा स्तूप जंबुद्वीपात दुसरा नाही, असे चिनी यात्रेकरूंनी लिहून ठेवले. १९०८-०९ साली तिथे उत्खनन होऊन कनिष्काचे नाव असलेला धातुकरंडक मिळाला. त्यातील अस्थी नंतर ब्रह्मदेशात मंडाले येथे नेल्या गेल्या. याच पुरुषपुरात असंग आणि वसुबंधू हे दोन थोर भाऊ जन्मले. वसुबंधूंचे शिष्य म्हणून परंपरा ज्यांना ओळखते ते दिङ्नाग आपल्या महाराष्ट्रातील डोंगरातल्या विहारात राहत असत, असे ह्युएन त्संग सांगतो. ते वर्णन अजिंठ्याचे आहे, असे अभ्यासक मानतात.

पश्चिमेला जलालाबादच्या मैदानात नगरहार हे नगर होते. आजच्या नंगरहार प्रांतात ते नाव अजून टिकून आहे. तिथल्या अहिनपोश स्तूपात सिम्पसनला कुशाण राजांची सोन्याची नाणी मिळाली आणि त्यांच्यात रोमन बादशहांची नाणीही होती. यावरून त्या वाटेचा व्यापार किती दूरवर होता ते कळते. जवळच हड्डा येथे शेकडो स्तूप आणि चुनखडीच्या मूर्ती होत्या. मागच्या काही दशकांतील युद्धांत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या.

फाहियानने काय पाहिले, ह्युएन त्संगने काय पाहिले?

इ. स. ४०० च्या सुमारास फाहियान नावाचा चिनी भिक्खू विनयाचे ग्रंथ शोधत या भागात आला. पुरुषपुरात बुद्धाचे भिक्षापात्र ठेवलेला विहार होता. तिथे सातशेहून अधिक भिक्खू होते. दुपारच्या जेवणाआधी ते पात्र बाहेर आणत आणि भिक्खूंबरोबर सामान्य गृहस्थही त्याची पूजा करीत. नगरहारहून दक्षिणेकडे बर्फाचे डोंगर ओलांडताना फाहियानचा एक सोबती थंडीने वाटेतच गेला. मरताना त्याने इतरांना आपल्यासाठी न थांबता पुढे जायला सांगितले. फाहियान त्याच्या देहाला कवटाळून रडला आणि मग उठून चालू लागला. एका ग्रंथासाठी माणसे असा जीव देत होती.

सव्वादोनशे वर्षांनी, इ. स. ६३० च्या सुमारास, ह्युएन त्संग याच वाटेने आला. नगरहारमध्ये विहार पुष्कळ, पण भिक्खू थोडे. गंधारात सुमारे एक हजार संघाराम, पण ओस पडलेले, झुडपे माजलेली, स्तूप ढासळलेले. हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे.

कुणी म्हणेल, मुसलमानी स्वाऱ्यांनी हे केले. पुढच्या शतकांत अनेक ठिकाणचे विहार स्वाऱ्यांत उद्ध्वस्त झाले, हा इतिहास आहेच. पण ६३० साली इस्लामचे सैन्य खैबरपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्याआधी हूणांची धामधूम झाली होती, राजे बदलले होते. कारणे अनेक आहेत. परंतु ह्युएन त्संगनेच लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावते.

हड्डा येथे बुद्धाच्या मस्तकाची म्हणून एक अस्थी ठेवलेली होती. फाहियानच्या वेळी राजा रोज सकाळी तिला वंदन करून मग राज्यकारभाराला बसत असे. ह्युएन त्संगच्या वेळी तिच्या सेवेसाठी पाच ब्राह्मण नेमलेले होते. गर्दी फार होई, म्हणून त्यांनी दर ठरवून टाकला होता. अस्थी पाहायची तर एक सोन्याचे नाणे. तिचा ठसा घ्यायचा तर पाच. त्या ठशावरून लोक आपले बरेवाईट भविष्य पाहात.

बंधू-भगिनींनो, इथे थोडे थांबा. आजूबाजूला हजार विहार ओस पडलेले आणि एका हाडापुढे मात्र गर्दी. ज्या तथागतांनी सांगितले की मनुष्य आपल्या कर्माने घडतो, त्यांच्याच अस्थीवर लोक भविष्य पाहू लागले, आणि तेही पैसे मोजून. धम्म ऐकायला पैसे लागत नव्हते, पण ऐकणारा कमी झाला होता. पाहणारा मात्र पाच नाणी घेऊन रांगेत उभा होता. असे झाले की पुढे कुणी आक्रमण केले काय आणि न केले काय, धम्म आतून सुटलेलाच असतो.

काय टिकले?

आज शपोला स्तूपाच्या पायथ्याशी पठाणांची गावे आहेत. त्यांचा धर्म वेगळा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. स्तूप दोन हजार वर्षांच्या उन्हावाऱ्यात उभा आहे, पण तिथे जन्मलेल्या कुणाच्या घरी त्रिशरण म्हटले जात नाही. दगड राहिला, घरे गेली. २००१ साली बामियानच्या प्रचंड मूर्ती सुरुंग लावून फोडल्या गेल्या तेव्हा आपण सर्वांनी दुःख केले आणि ते योग्यच होते. पण त्या मूर्तींपुढे वंदना म्हणणारे शेवटचे कुटुंब त्याच्या कितीतरी शतके आधी नाहीसे झाले होते. त्या कुटुंबासाठी कुणी मोर्चा काढला नाही.

याच प्रदेशातून आणखी एक वस्तू आली. १९९४ साली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे मातीच्या भांड्यांत ठेवलेली भूर्जपत्रे आली. ती हड्डाच्या परिसरातील असावीत असे मानतात. ती इ. स. च्या पहिल्या शतकातील आहेत. आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या बौद्ध हस्तलिखितांत त्यांची गणना होते. त्यांची भाषा संस्कृत नव्हे. ती गांधारी, म्हणजे तिथल्या लोकांची प्राकृत बोली. आपल्या लेण्यांतले लेखही प्राकृतातच आहेत. झाडाची साल ती केवढीशी! पण कुणीतरी शिकले, कुणीतरी लिहिले, जपून भांड्यात ठेवले, आणि दोन हजार वर्षांनी ती बोलली. महास्तूप आज जमिनीत गाडला गेला आहे, आणि पत्रे मात्र वाचली जात आहेत.

आपल्यासाठी धडा

आता आपल्या वस्तीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी विहार बांधला. बायकांनी मजुरीचे पैसे दिले, तरुणांनी विटा वाहिल्या. मूर्ती आली त्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आज रविवारी सकाळी वंदनेला पाच-सहा म्हाताऱ्या आया असतात. त्यांना पाली पाठ आहे, अर्थ कुणी सांगितलेला नाही. मी स्वतः पेपर तपासायचे आहेत असे निमित्त सांगून कित्येक रविवार घरी बसलो आहे.

मागच्या सभेत प्रश्न निघाला, जमलेल्या वर्गणीतून कळसाला सोनेरी रंग द्यावा की मुलांसाठी पुस्तके आणि एक फळा घ्यावा? बहुतेकांचे मत कळसाकडे होते. शिकलेला म्हणून माझ्याकडे दोघातिघांनी पाहिले. मी गप्प बसलो. वाईटपणा कोण घेणार? तेव्हा मी हड्डाच्या पाच नाण्यांबद्दल वाचलेले होते. वाचूनही गप्प बसलो, हे आपल्यापुढे कबूल करतो. पुढच्या सभेत मी बोलणार आहे.

विहार बांधू नयेत असे माझे म्हणणे नाही. इंद्राग्निदत्ताने लेणे कोरले नसते तर आज त्याचे नाव आपल्याला कळले नसते. पण त्याच्या लेखात मुलाचे नाव आहे. मूल बरोबर नसेल तर लेणे म्हणजे नुसता दगड.

आणखी एक गोष्ट आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. त्यानंतर समोर बसलेल्या लाखो लोकांना दीक्षा कुणी दिली? स्वतः बाबासाहेबांनी. ते भिक्खू नव्हते, चीवर धारण केलेले नव्हते, गृहस्थ होते. गृहस्थाने गृहस्थांच्या हाती धम्म दिला. मला यात खैबरच्या इतिहासाचे उत्तर दिसते. धम्म सांभाळण्याचे काम विहाराच्या भिंतीवर किंवा भिक्खूंवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या घरात आई मुलीला पंचशीलाचा अर्थ आपल्या बोलीत सांगते, ते घर ही धम्माची खरी खिंड आहे. तिथून तो पुढच्या पिढीत उतरतो. तिथे अडला तर सगळीकडेच अडतो.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना वाटते, आम्हाला काय येते, आम्ही काय शिकवणार? धम्म डोंगर ओलांडून गेला तेव्हा तो घेऊन जाणारे सगळे पंडित नव्हते. त्यांत तांड्याबरोबर चालणारे व्यापारी होते, वाटसरू होते, आपल्या मुलाला सोबत आणणारा परदेशी बापही होता. एक शील नीट समजले तर एक सांगा. दुसरे पुढच्या आठवड्यात सांगा.

शाळेत मी आता त्या नकाशावरचा बाण बदलला आहे. खैबरच्या जागी दोन बाण काढतो, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती आता वरच्या वर्गात गेली आहे. तिला बोलावून उत्तर सांगितले. ती म्हणाली, "मग सर, हे पुस्तकात का नाही?" तेही उत्तर मला द्यायचे आहे.

कुटुंबात चर्चेसाठी

१. नकाशात पेशावर, लंडी कोतल, जलालाबाद आणि नालासोपारा ही ठिकाणे शोधा.

२. घाटाजवळच लेणी का असतात? आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण सांगा.

३. मिलिंद राजाने धम्म कसा समजून घेतला? आपल्या घरात मुलांना शंका विचारू देतो का?

४. हड्डाच्या अस्थीपुढे गर्दी आणि विहार ओस, असे का झाले असावे? आपल्याकडे असे काही घडत आहे का?

५. पंचशीलातील एका शीलाचा अर्थ पाली न वापरता, घरच्या बोलीत, पाच वाक्यांत सांगा. हे काम घरातील सर्वांत लहान मुलाला द्या आणि मोठ्यांनी ऐका.

जयभीम!